अकराव्या प्रश्नाचं उत्तर

४ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून तू आधी चष्मा शोधशील आणि मग म्हणशील, याचं काहीतरी अडलंय. अडलंयच. फोन केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस. मागच्या खेपेला मला साधी सर्दी झाली होती, तू सगळ्या नातेवाइकांना न्यूमोनिया कळवलास.

तर काम असं. हिच्या छातीतल्या त्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी हिला रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. ही चालत नाही. कारण नसताना रस्त्यावर येरझाऱ्या घालायला मी काय वेडी आहे का, असं विचारते. मी दुकान बंद करून सोबत निघालो तर कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत येते आणि तिथे बैठक मारते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, औषध त्याचं अर्धं काम करतंय, उरलेलं अर्धं बाईंच्या पायांनी करायचंय. शेवटी लेकीने तिच्या गावाहून उपाय सुचवला. कुत्रा आणा, म्हणाली. आईला स्वतःसाठी चालवत नाही, पण दारात एखादा जीव ताटकळत उभा राहिला तर ती घरात बसू शकणार नाही. आणि अक्का, हा विषय निघाल्यावर ही दोन महिन्यांनी हसली.

आता कुठल्या जातीचा, यावर घरात तीन पक्ष आहेत. लेकीला निळ्या डोळ्यांचा हस्की हवा. हिला पांढराशुभ्र पामेरियन. मी पडलो बाइंडिंगवाला, माझा विचार खळीच्या भांड्यापासून सुरू होतो. पामेरियनचे केस खळीत पडले तर वकिलांचे सगळे जाडे ग्रंथ केसाळ व्हायचे. लॅब्रडॉरची शेपूट नेमकी माझ्या टेबलाच्या उंचीवर फिरते. डॅशहुंडच्या पाठीला पायऱ्या झेपत नाहीत म्हणे, आणि आमच्याकडे खाली दुकान, वर घर, मध्ये एकोणीस पायऱ्या.

शेजारच्या चष्मेवाल्याने एक माणूस गाठून दिला. पेट्रोल पंपामागे त्याने मोटारीची डिकी उघडली, आत खोक्यात तीन पिल्लं. लॅब्रडॉर आहेत म्हणाला. आई कुठे विचारलं तर दुसऱ्या गावी आहे. कागद विचारले तर मागून येतील. वय म्हणे दोन महिने, पण मी पिल्लाच्या तोंडात बोट घातलं तर दातांचा पत्ता नाही. तरी ते माझं घड्याळ चाटायला लागलं आणि मी विरघळलो. घेणारच होतो, तेवढ्यात तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला. परवा सांगतो म्हणून सटकलो.

आपल्या घरात कुत्र्यातलं कळतं ते तुलाच. काय करू ते कळव. लेक विचारते, कडीआत्या हल्ली झोपण्याआधी कडी तीनदाच बघते की आकडा वाढलाय?

माया आहे तेवढीच असू दे, सल्ला मात्र सढळ हाताने पाठव.

तुझा,
डिंक्या


१२ जानेवारी

चि. डिंक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी वहिनीची काळजी वाटली आणि मग तुझा राग आला. त्या डिकीवाल्याकडे पुन्हा गेलास तर तिथे येऊन कान धरीन. वय अठ्ठावन्न असलं म्हणून काय झालं, कान आहे तिथेच आहे. दात न आलेलं पिल्लू आईपासून तोडणाऱ्या माणसाशी बोलतोस काय आणि विरघळतोस काय! मी एकवीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. मूल हातात आलं की आम्ही आधी विचारायचो, याची आई कुठे आहे आणि कशी आहे. कुत्र्याच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच विचारायचा, आणि आई दिसली नाही तर तसंच मागे फिरायचं.

हस्की बर्फातला प्राणी, त्याचा तुमच्या माडीवर जीव जाईल. लेकीला निळे डोळे बघायचे असतील तर कॅलेंडर पाठव. पामेरियन गोड, पण भुंकून शेजार तोडेल. मला विचारशील तर लॅब्रडॉर. शहाणा, माणसाळलेला, शिकवलं तर वहिनीच्या चालीने चालेल. पहिली दोन वर्षं मात्र धसमुसळेपणा करेल, तो खपवून घ्यावा लागेल. शेपटीचं म्हणशील तर टेबल सरकव.

आता कुठून आणायचा ते सांगते. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी हाडांच्या वॉर्डात होते, तिथे एक भूगोलाच्या निवृत्त बाई होत्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्या लॅब्रडॉर वाढवतात. दोन वर्षांतून एकदाच पिल्लं होऊ देतात आणि घर पसंत पडल्याशिवाय देत नाहीत. कॉटवर पडल्या पडल्या त्या फोनवर लोकांना नकार द्यायच्या, तो ऐकण्यासारखा असायचा. पत्ता मागे लिहिला आहे. माझं नाव सांग, पण त्याचा उपयोग होईल असं समजू नकोस.

वहिनीने मागे विचारलं होतं, इतकी आवड आहे तर मी एकटी असून कुत्रा का पाळत नाही. तेव्हा हसून टाळलं. आपला कुत्रा मफलर गेला, तो सोमवार मला अजून सुटलेला नाही. रविवारी मी नर्सिंगच्या होस्टेलवरून घरी आले होते, त्याचा कान वाहत होता. तू रोज थेंब घालत होतास तरी गुण नव्हता, म्हणून पुढच्या रविवारी त्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. सोमवारी उजाडता उजाडता पहिली बस पकडायला निघाले, फाटक ओढलं, आणि कडी लावली की नाही ते मला काही केल्या आठवत नाही. लावली असं हात सांगतो. पण तू उठलास तेव्हा फाटक सताड उघडं होतं. बाबा काय म्हणाले ते तुला आठवत असेल. जिला फाटकाची कडी सांभाळता येत नाही, ती आजारी माणसं काय सांभाळणार. मी सगळी नोकरी ते वाक्य कानात घेऊन केली. औषधाची मात्रा तीनदा मोजायची सवय त्यातलीच, तेव्हा रुग्णांचा फायदाच झाला म्हणायचा. अजून रस्त्यात पांढऱ्या गळपट्ट्याचा कुत्रा दिसला की मी थांबते. पंचेचाळीस वर्षांनी तो कसा असेल, हे कळतं मला. तरी थांबते. तुम्ही कडीआत्या म्हणून हसता त्याचं वाईट वाटत नाही, केलं आहे ते केलं आहे.

वहिनीला माझा आशीर्वाद, आणि बाकावर बसू नये असा निरोप.

लोभ आहेच, तो लक्षात असू दे.

तुझी,
अक्का


२७ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उशिरा उत्तर देतोय, रागावू नकोस. ते पत्र मी दोन-तीनदा वाचलं. हिला दिलं नाही, फक्त आशीर्वाद तेवढा सांगितला.

भूगोलाच्या बाईंकडे जाऊन आलो. बसने दीड तास, मग चालत. बैठं घर, मागे फरशीचं अंगण, फिनेलचा वास. मी बसलो त्या खोलीतच पिल्लांची आई पहुडली होती. तिचं नाव भरती, आणि तिच्या बहिणीचं ओहोटी. बाईंनी मला आधी हात धुवायला लावले. प्लायवूडच्या पेटीत आठ पिल्लं, प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करतात आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहितात. पिल्लांच्या आईबापांच्या कमरेचे एक्स-रे त्यांनी खिडकीच्या काचेला लावून मला दाखवले, कारण म्हणे या जातीत कंबर आनुवंशिक दगा देते. मला त्यात पांढरं आणि काळं एवढंच दिसलं, तरी मी मान डोलावली. आठ आठवडे पुरे होण्याआधी पिल्लू मिळत नाही. कधीही, कुठल्याही वयात कुत्रा जड झाला तर तो त्यांनाच परत द्यायचा, परस्पर कुणाला द्यायचा नाही, असं लिहून घेतात. ही अट मी दोनदा वाचली, अक्षर बारीक होतं.

मग परीक्षा. एक्केचाळीस प्रश्न, शाईने लिहायचे, एक पान भरलं की ते घेऊन जाणार आणि मगच दुसरं देणार. घरात किती पायऱ्या, कोण किती तास घरी, कुत्रा आजारी पडला तर रात्री कुठे नेणार. यापूर्वी कुत्रा होता का, हेही विचारतात. सगळं लिहिलं, काही थोडक्यात उरकलं. शेवटच्या पानावर बघतो तर लहानपणापासून ओळखणाऱ्या एका नातेवाइकाचं नाव मागितलेलं. आधी ठाऊक असतं तर बरं झालं असतं. आई-बाबा नाहीत, चुलत मंडळी दूर, बाई माझ्याकडे बघत उभ्या. तुझं नाव लिहिलं.

त्या तुला पत्र पाठवतील. माझ्याबद्दल बऱ्या दोन ओळी लिही. मफलरबद्दल विचारलं तर जास्त खोलात जाऊ नकोस, फार जुनी गोष्ट, नीट आठवत नाही एवढं पुरे. उगाच तुला त्रास.

ही रोज विचारते, मी हेरून ठेवलेलं निळ्या लोकरीचं पिल्लू आज किती ग्रॅम झालं असेल. परवा माझ्याआधी जिना उतरून खाली आली, कुत्र्याला किती पायऱ्या लागतील ते मोजत.

लोभात खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
डिंक्या


१४ फेब्रुवारी

रा. रा. बाइंडिंगवाले यांस,
स. न. वि. वि.

तुमचा अर्ज मी तूर्त बाजूला ठेवला आहे. कारण सांगणं माझं कर्तव्य आहे.

माझी पद्धत अशी की अर्जदाराला जे प्रश्न विचारते त्यांतले निम्मे त्याच्या नातेवाइकालाही विचारते, आणि अर्जदाराने काय लिहिलं ते त्याला कळवत नाही. वर्गात शेजारी बसलेल्या मुलांना मी वेगळी बाकं द्यायची, तसंच हे. बहुतेकांची उत्तरं थोडीफार वेगळी येतात आणि त्यात गैर काही नसतं.

अकरावा प्रश्न असा होता: यापूर्वी कुत्रा पाळला होता का, आणि त्याचं शेवटी काय झालं. तुम्ही लिहिलंत की होता, म्हातारा होऊन घरीच गेला, शेवटपर्यंत सेवा केली. तुमच्या बहिणीने या एका प्रश्नाला दीड पान दिलं आहे. त्यांनी लिहिलं आहे की कुत्रा तीन वर्षांचा असताना फाटकातून निघून गेला, कडी लावायला त्या स्वतः विसरल्या, धाकट्या भावाचा त्यात काडीचा दोष नव्हता. तो तेरा वर्षांचा होता आणि कुत्र्याच्या कानात रोज न चुकता थेंब घालत होता. तेव्हा त्यांची चूक भावाच्या अर्जात धरू नये, अशी त्यांनी मला विनंती केली आहे. शेवटी असंही लिहिलं आहे की ज्या मुलाने इतक्या लहान वयात एवढं केलं, त्याला पिल्लू देताना मी एक क्षणही कचरू नये.

मी अडतीस वर्षं मुलांना शिकवलं. कुणाचा कुत्रा हरवला म्हणून मी पिल्लू नाकारत नाही, माझ्या स्वतःच्याही हातून चुका झाल्या आहेत. पण ज्याचं पुढे काय झालं याबद्दल माणूस खोटं लिहितो, त्याचं खरोखर काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमचं उत्तर मी तुमच्या बहिणीला कळवलेलं नाही, कळवणारही नाही. निळ्या लोकरीचं पिल्लू दुसऱ्या घरी जाईल. तुम्हाला काही लिहायचं असेल तर मला लिहा, पण माझ्या आधी त्यांना लिहा.

तब्येतीची काळजी घेण्यास सौभाग्यवतींना सांगावे, ही विनंती.

आपली,
भूगोलाची बाई


२० फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली, कारण तिन्हींत मी स्वतःला लहान करून दाखवलं होतं. तेरा वर्षांचा होतो हे खरं आहे. पण नंतर मी चौदाचा झालो, तिशीचा झालो, आज अठ्ठावन्नचा आहे.

अक्का, कडी तू लावली होतीस. इतकी घट्ट लावली होतीस की मला ती दोन्ही हातांनी उचकटावी लागली.

थेंब मी घातले नव्हते. पहिले दोन दिवस घातले, तो चावायला आला, मग सोडून दिलं. तुला होस्टेलवर पत्रं मात्र दर आठवड्याला लिहिली, आज थेंब घातले, आज सूज कमी आहे. रविवारी तू आलीस, त्याचा कान बघितलास, आणि मला काही न बोलता माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, की तू तरी काय करणार बिचारा. पुढच्या रविवारी डॉक्टरकडे न्यायचं म्हणालीस. डॉक्टर बाटली मागणार आणि बाटली तर जवळजवळ भरलेलीच. त्या भीतीने मला काही सुचेना. कुत्राच नसला तर बाटली कुणी मागणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

सोमवारी तू गेल्यावर मी त्याला घेऊन लॉऱ्यांच्या तळावर गेलो. कौलं भरलेली एक लॉरी निघत होती. चालकाला सांगितलं, आमच्या घरी कुत्रा ठेवता येत नाही, राखणीला चांगला आहे. तो म्हणाला चढव वर. मफलर चढेना. मग मी आधी चढलो. मी चढलो म्हणून तो चढला. मी दुसऱ्या बाजूच्या दाराने उतरलो. लॉरी निघाली तेव्हा तो खिडकीतून माझ्याकडे बघत होता, त्याला वाटलं असेल मी मागून येतोय. लॉरी कुठे जाणार हे मी विचारलंही नव्हतं.

घरी येऊन फाटक उघडंच ठेवलं, बाटली मोरीत ओतली आणि झोपेतून उठल्यासारखा ओरडलो. तुझं नाव मी घेतलं नाही. बाबांनी घेतलं. ते वाक्य ते बोलले तेव्हा मी तिथेच उभा होतो, पुस्तकाला कव्हर घालत. एक शब्द काढला असता तर तिथेच मिटलं असतं. तू पुढच्या रविवारी येऊन रस्तोरस्ती त्याला हाका मारत फिरलीस, मी तुझ्यासोबत फिरलो, मीही हाका मारल्या. त्या हाकांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

कडीआत्या हे नावही माझंच. लेक चार वर्षांची असताना मी तिला शिकवलं, तू तीनदा उठून दार बघतेस म्हणून. सगळे हसले, तू हसलीस, आणि मला हायसं वाटलं की आता ही थट्टेची गोष्ट झाली.

बाईंच्या कागदावर मी लिहिलं की तो म्हातारा होऊन घरी गेला, शेवटपर्यंत सेवा केली. त्यांनी मला पकडलं. तू माझ्यासाठी दीड पान लिहिलंस, हे त्यांच्याकडून कळलं. तू त्यात काय लिहिलंस तेही कळलं. ते वाचल्यापासून मला आरशात बघायला नको वाटतं.

क्षमा मागत नाही, मागायला तोंड नाही. तुझ्या हाताने कडी लावली होती, हे तुला कळायला हवं होतं.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

डिंक्या


३० मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न.

पाच आठवडे झाले. तुझं पत्र नाही, ते बरोबरच आहे. उत्तर मागायला लिहीत नाही, दोन गोष्टी कळवायच्या होत्या.

बाईंना मी सगळं खरं लिहून पाठवलं. त्यांनी एका ओळीत पोच दिली, पिल्लाचं काही लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

हिला आणि लेकीला जेवणाच्या टेबलापाशी बसवून सांगितलं. लेक सुट्टीला आली होती. ते नाव या घरात पुन्हा कुणी घेणार नाही हेही सांगितलं. लेक उठून गेली आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. बाहेर आल्यावर म्हणाली, बाबा, मी चार वर्षांची असताना तुम्ही मला यात घेतलंत.

ही माझ्याशी बोलत नाही. एका खोलीत बसायला नको म्हणून संध्याकाळी चपला घालते आणि बाहेर पडते. पहिल्या दिवशी वाटलं बाकावर बसली असेल, म्हणून मागून बघायला गेलो. बाक रिकामा. रागाच्या भरात ती सबंध तलावाला फेरी मारून आली. आता रोज दोन फेऱ्या मारते. डॉक्टर काल खूश झाले, कशाने फरक पडला म्हणून त्यांनी विचारलं. हिने माझ्याकडे बोट दाखवलं.

तुझी तब्येत बरी असावी, एवढंच मागणं.

डिंक्या


१२ एप्रिल

चि. डिंक्यास,
आशीर्वाद. (अनेक आणि उत्तम लिहायला अजून वेळ लागेल.)

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून घडी घातली आणि कपाट आवरायला काढलं. कपाट झालं, मग सगळं घर आवरलं. शेजारीण म्हणाली कोण येणार आहे का. मी म्हटलं, कुणी येणार नाही, एकजण गेला होता तो कसा गेला ते आज कळलं.

राग आला आहे, आणि तो जायचं नाव घेत नाही. मफलरचा राग आहे, बाबांच्या त्या वाक्याचा आहे, पण सर्वांत जास्त त्या हाकांचा आहे. माझा घसा बसला म्हणून तू मला पाणी आणून दिलंस, आठवतं? मी ते पाणी कौतुकाने प्यायले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रात्री मी राजीनामा लिहून ठेवला होता, कारण औषधाच्या कपाटाला कुलूप लावलं की नाही हे आठवेना. लावलेलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज तुला सांगते, कारण तुला ते ठाऊक असायला हवं.

पण एक कबूल करते. तुझं पत्र वाचल्यावर मी उठून फाटकापाशी गेले आणि नुसता हात बघितला. हात खरं सांगत होता, आणि मी आयुष्यभर त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

गेल्या आठवड्यात बसने भूगोलाच्या बाईंकडे गेले. तू त्यांना लिहिलेलं त्यांनी मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. चहा झाला. ओहोटी माझ्या पायांवर डोकं टेकून झोपली. ती पाच वर्षांची आहे, तिला आता पिल्लं होऊ द्यायची नाहीत, आणि तिला शांत घर हवं असं बाईंचं मत आहे. माझ्या वयाच्या बाईने पिल्लाच्या मागे धावू नये, मोठी झालेली, शिकलेली कुत्री घ्यावी, हेही त्यांचंच मत. माझं मत त्यांनी विचारलं नाही, तक्ता आणि एक्स-रे पुढे ठेवले आणि मग पेन दिलं. एक्केचाळीस प्रश्न लिहून माझं बोट सुजलं आहे.

तुझ्या घरी कुत्रा येणार नाही. त्या म्हणाल्या नाहीत, मीच म्हणते. वहिनी चालते आहे तेवढं पुरे. तिला माझ्याकडे आठ दिवस पाठव, ओहोटीला सकाळ-संध्याकाळ दोघी फिरवू. तू लगेच येऊ नकोस. बोलावीन तेव्हा ये, आणि येताना थट्टा घेऊन येऊ नकोस. लेकीला सांग, आत्या नुसती आत्या आहे आणि तिच्यावर रुसलेली नाही.

आता मुद्द्याचं. शेवटच्या पानावर लहानपणापासून ओळखणाऱ्या नातेवाइकाचं नाव मागतात. मला एकच आहे, तो तू. मी तुझं नाव दिलं आहे. बाईंचे प्रश्न तुला येतील. अकराव्याचं उत्तर नीट लिही. शाईने लिही.

बाकी लोभाचं पुढे बघू.

अक्का


२० एप्रिल

भूगोलाच्या बाईंना,
सा. न. वि. वि.

आपले प्रश्न मिळाले. अर्जदार माझी थोरली बहीण. क्रमाने लिहितो.

अर्जदार घरी किती वेळ असते, तर बहुतेक सगळा वेळ. घर तळमजल्यावर, पायऱ्या दोनच. कुत्रा आजारी पडल्यास काय करेल, तर आपण जे करू शकता त्याहून जास्त करेल. औषध वेळेवर देईल का, या प्रश्नापुढे मी हो लिहिलं आहे, जागा उरली म्हणून ठळक लिहिलं आहे. स्वभाव कडक, पण जवळच्यांसाठी ढालीसारखी उभी राहते, ज्यांची लायकी नाही त्यांच्यासाठीसुद्धा. आठव्या प्रश्नात दोष विचारला आहे. तिला ऐकायला कमी येतं आणि ती सर्दीला न्यूमोनिया म्हणते.

अकरावा प्रश्न. यापूर्वी कुत्रा पाळला होता का, आणि त्याचं शेवटी काय झालं.

होता. नाव मफलर, रंग तपकिरी, गळ्याभोवती पांढरा पट्टा. माझ्या बहिणीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. तो तीन वर्षांचा असताना मी त्याला फसवून लॉरीत चढवलं आणि सोडून दिलं. त्याचं शेवटी काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसण्याला मी जबाबदार आहे.

त्या सोमवारी फाटकाची कडी माझ्या बहिणीने लावली होती. ती मी काढली.

आपला,
अर्जदाराचा धाकटा भाऊ